किटो, अ‍ॅटकिन्स का नुसती एक भाकरी कमी? लो-कार्ब डाएट आपल्या ताटात कसं बसवायचं

मोबाईलवर व्हिडिओ पाहू पाहू आजकाल गावात कोणीही उठते आणि भाकरी बंद करते. पंधरा दिवसांत चार किलो उतरले म्हणून सगळ्यांना सांगत फिरते, आणि पोळ्याची पुरणपोळी आली का काटा परत जिथल्या तिथं. डाएटच खराब आहे असं मी नाही म्हणत. पण किटो, अ‍ॅटकिन्स, साउथ बीच, पॅलिओ हे सगळे "लो-कार्ब" याच नावानं फिरून राहिले आणि आतून त्यांच्यात लय फरक आहे, कोणात डाळ चालते कोणात चालत नाही, कोणात फळं बंद तं कोणात दूधसुद्धा बंद. अमेरिकेतल्या मायामीच्या डॉक्टरनं तिथल्या पेशंटसाठी बनवलेलं डाएट आर्णीच्या आठवडी बाजारातून पिशवी भरून आणता येईल का, हे आधी पाहायला पायजे.

आधी आपलं ताट मोजा

कार्ब म्हणजे पिठाचं आणि गोडाचं जे काही आहे ते. पोळी, भाकरी, भात, पोहे, आलू, साबुदाणा, साखर, गूळ. दिवसाला साधारण १३० ग्रॅमच्या खाली कार्ब आले तर त्याला लो-कार्ब म्हणतात, आणि ५० च्या खाली गेलं की ते किटोच्या हद्दीत जाते.

आता आपला हिशोब करा. सकाळी दोन आणि दुपारी एक असे साखर घातलेले तीन चहा, त्यात चाळीसेक ग्रॅम. प्लेटभर पोहे, त्यात पन्नासच्या आसपास, वरून तर्री घेतली तं चणे वेगळे. दुपारी तीन पोळ्या म्हणजे साठ, वाटीभर भात चाळीस, वरणाचे दहा-पंधरा. रात्री दोन भाकरी सत्तर, पुन्हा भात, भाजीत आलू. बेरीज सव्वातीनशेच्या वर जाते बाप्पा, आणि यात पाहुण्याकडचा चहा-टोस्ट धरलाच नाही. दिवसभर डवरणी, फवारणी करणाऱ्याला हे पचून जाते, त्याच्या अंगात राहतच नाही. पण तेच ताट दुकानावर बसणारा, शाळेत शिकवणारा, ट्रॅक्टर चालवणारा माणूस खाऊन राहिला, आणि पोट तिथूनच सुटते. हे आपलंच नाही, देशभराचं आहे. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या सर्वेक्षणात भारतीय माणसाच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के कार्बमधून येते असं निघालं, आणि त्याच सर्वेक्षणानं २०२३ मध्ये देशात १० कोटींच्या वर शुगरचे पेशंट असल्याचं सांगितलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात धान्यातून येणारी ऊर्जा ४५ टक्क्यांच्या आत ठेवा असं आहे. म्हणजे सरकारी संस्थासुद्धा भाकरी-भात थोडा कमी करा असंच म्हणून राहिली, फक्त बंद करा असं म्हणत नाही.

एक गैरसमज इथंच काढून टाकतो. ज्वारीची भाकरी लो-कार्ब नाही. गहू असो का ज्वारी, १०० ग्रॅम पिठात कार्ब सत्तरच्या आसपासच आहेत. भाकरीनं पोट जास्त वेळ भरलेलं राहते, तंतू असतात, मैद्यापेक्षा शंभरपट बरी, हे सगळं खरं, पण आपल्याकडची भाकरी काय हॉटेलातल्या पापडासारखी नसते, एका भाकरीला पन्नास-साठ ग्रॅम पीठ सहज लागते म्हणजे पस्तीस-चाळीस ग्रॅम कार्ब. पोळी सोडून भाकरी धरली आणि तीन खाल्ल्या तर हिशोब जिथल्या तिथं. झुणक्याचंही तसंच, बेसनात अर्ध्याच्या वर कार्ब आहेत, पण त्यात प्रोटीन बरं असते म्हणून झुणक्याला माफी, भाकरी मात्र एकच.

आता एकेक डाएट

किटो सगळ्यात कडक. दिवसाला २० ते ५० ग्रॅम कार्ब, बाकी तूप, तेल, लोणी, अंडी, मटण, पनीर. शरीराला साखर मिळेनाशी झाली की लिव्हर चरबीतून कीटोन बनवते आणि त्यावर गाडी चालते. हे डाएट वजनासाठी निघालंच नव्हतं, १९२१ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. रसेल वाइल्डर यांनी मिरगीच्या पेशंटसाठी सुचवलं होतं, आणि औषधाला दाद न देणाऱ्या लहान मुलांच्या मिरगीत आजही डॉक्टर ते वापरतात, अर्थात मोजून-मापून आणि स्वतःच्या देखरेखीत. वजन पहिल्या आठवड्यात झपकन उतरते ते मात्र चरबीचं कमी आणि पाण्याचं जास्त. लिव्हर आणि स्नायूंमध्ये साखरेचा साठा असतो, एक ग्रॅम साठ्यासोबत तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असते, साठा संपला की पाणी लघवीवाटे निघून जाते. म्हणून पहिल्या आठवड्याचा काटा पाहून कोणी नाचू नये. पाण्यासोबत मीठही जाते, मग डोकं दुखणं, चक्कर, पायात गोळे, तोंडाला वास, संडासला न होणं हे सगळं येते. आता हेच अकोल्या-चंद्रपूरच्या मे महिन्यात करून पाहा, बाहेर ४५ डिग्री आणि अंगातलं मीठ-पाणी आधीच गेलेलं. उन्हात काम करणाऱ्यानं उन्हाळ्यात किटो धरूच नये, याबाबत माझं मत पक्कं आहे.

अ‍ॅटकिन्स हे अमेरिकेचे डॉ. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांनी १९७२ मध्ये लोकांपुढे आणलं. सुरुवात किटोसारखीच, पहिले दोनेक आठवडे रोज २० ग्रॅमच्या आसपास कार्ब, पण पुढं हळूहळू वाढवत न्यायचं, आधी सुकामेवा, मग फळं, मग थोडं धान्य, आणि ज्या ठिकाणी वजन वाढायला लागते त्याच्या जरा आधी थांबायचं. मला यातली ही पायरी-पायरीची गोष्ट आवडते, माणसाला आपली हद्द समजते. अडचण एवढीच का लोकं पहिल्या पायरीवरच अडकून बसतात नाही तर तिथूनच पळून जातात.

साउथ बीच मायामीच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. आर्थर अ‍ॅगॅटस्टन यांचं, २००३ मध्ये गाजलं. पहिले दोन आठवडे ब्रेड, भात, आलू, फळं, साखर बंद, त्यानंतर अख्खं धान्य आणि फळं परत येतात, डाळी-कडधान्य चालतात, आणि तेल-चरबी कोणती खायची यावर लक्ष असते, तुपा-लोण्याच्या मागं न लागता शेंगदाणा, तेलबिया, मासे. आपल्या स्वयंपाकाला जवळचं कोणतं असं कोणी विचारलं तर मी हेच सांगन. वरण चालते, उसळ चालते, एक भाकरी चालते, अजून काय पायजे.

पॅलिओ म्हणजे आदिमानव खायचा तसं. धान्य नाही, डाळ नाही, दूध-दही नाही, शेंगदाणासुद्धा नाही कारण तो शेंगेतला. शाकाहारी वऱ्हाडी माणसानं हे धरलं तर ताटात वांगे आणि सांबार (कोथिंबीर) तेवढे उरतात. कार्निव्होर म्हणजे नुसतं मटण-अंडी, सावजीच्या शौकिनांना ऐकायला गोड वाटते, पण भाजी नाही, तंतू नाही, आणि दीर्घकाळ केल्यावर काय होते याचे नीट अभ्यासच नाहीत. ते सोडून द्या.

आणि एक डाएट लोकं चुकून यात धरतात, दीक्षित डाएट. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत म्हणजे दिवसात दोनच वेळा जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. याचा मूळ विचार आपल्या काटोलचे डॉ. श्रीकांत जिचकार यांचा, दीक्षित स्वतःच तसं सांगतात. यात काय खायचं यापेक्षा किती वेळा खायचं यावर भर आहे, म्हणजे हे लो-कार्ब नाही. पण मधले चहा-बिस्किट बंद झाले का कार्ब आपोआप कमी होतात, म्हणून गावात हे बऱ्याच जणांना जमते, खर्चही वाढत नाही. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यानं मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय दोन जेवणांवर येऊ नये.

मग वजन कशानं जास्त उतरते?

इथं बहुतेकांची निराशा होते. इस्राएलमध्ये ३२२ लोकांवर दोन वर्षं अभ्यास झाला, २००८ मध्ये छापून आला. कमी तेलाच्या आहारवाल्यांचं सरासरी २.९ किलो, भूमध्य समुद्राकडच्या पद्धतीनं खाणाऱ्यांचं ४.४ आणि लो-कार्बवाल्यांचं ४.७ किलो कमी झालं. दोन वर्षांत, बरं का. मग २०१८ मध्ये स्टॅनफर्डचा ६०९ लोकांचा एक वर्षाचा अभ्यास आला, त्यात लो-कार्बवाले सरासरी ६ किलो आणि कमी चरबीवाले ५.३ किलो उतरले, म्हणजे म्हणावा तसा फरकच नाही. आणि दोन्ही गटांत कोणाचे वीस किलोच्या वर गेले तं कोणाचं वजन उलट वाढलं. पहिल्या सहा महिन्यांत लो-कार्ब पुढं असते, वर्षभरात बाकीचे त्याला गाठतात. काहून? कारण तोवर लोकं सोडून देतात. जे तुम्हाला दिवाळीतही धरून ठेवता येईल तेच तुमचं डाएट, बाकी नावं काहीही असो.

शुगरवाल्यांसाठी मात्र कार्ब कमी करण्याचा फायदा वजनापेक्षा जास्त स्पष्ट आहे. जेवणानंतरची शुगर खाली येते, गोळ्या कमी होऊ शकतात, रक्तातली चरबी (ट्रायग्लिसराइड) उतरते. आणि त्यासाठी किटोपर्यंत जायची गरजही पडत नाही, आयसीएमआरच्याच २०२२ मध्ये आलेल्या अभ्यासात शुगर आटोक्यात यायला कार्ब ऊर्जेच्या ५० टक्क्यांच्या आसपास आणा आणि प्रोटीन २० टक्क्यांपर्यंत वाढवा असा हिशोब निघाला. हे आपल्या घरात होण्यासारखं आहे.

हे करायच्या आधी थांबा

शुगरची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असन आणि तुम्ही एकदम भाकरी-भात कमी केला तर शुगर धाडकन खाली जाते, घाम, थरथर, बेशुद्धी. आधी डॉक्टरला सांगून डोस कमी करून घ्यायचा, नंतर भाकरी. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही नवी औषधं चालू असतील तर किटो बिलकुल नको, शुगर फार वाढलेली न दिसताही रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतू शकते. बीपीच्या गोळ्यांचंही पाहून घ्या, पाणी उतरलं का बीपी उतरते आणि उठल्याबरोबर डोळ्यापुढं अंधारी येते.

सिकलसेल आपल्या भागात, गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाकडे जास्तच, घरोघरी कोणी ना कोणी आहे. सिकलसेलच्या पेशंटला अंगातलं पाणी कमी होणं म्हणजे दुखण्याला आमंत्रण, त्यानं किटोच्या नादी लागू नये. मूतखडा असणाऱ्यानंही, किडनीचा त्रास असणाऱ्यानंही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनं तर वजन कमी करायचं डाएटच धरू नये.

आपल्या चुलीवर कसं करायचं

पहिला आठवडा भाकरी आहे तशीच राहू द्या. फक्त चहा-पाण्यातले कार्ब काढा, म्हणजे चहातली साखर, थंडे, रसवंतीवरचा ग्लास, आणि चहासोबतचे टोस्ट-खारी-बिस्किट. बिनसाखरेचा चहा चार दिवस घशाखाली उतरत नाही हे मान्य, मग अर्धा चमचा, मग पाव. एवढ्यानंच चाळीस-पन्नास ग्रॅम गेले.

दुसऱ्या आठवड्यात एका जेवणात एकच धान्य ठेवायचं, भाकरी तर भात नाही, भात तर पोळी नाही. आपल्याकडं वरण-भात-पोळी-आलूची भाजी असं एका ताटात चार-चार कार्ब बसतात, लग्नातल्या पंगतीत तर विचारू नका. भंडारा-गोंदियाकडच्या माणसाला भाकरीवर जा म्हणणं फुकटचं आहे, धानाच्या मुलखात भातच राहणार, तिथं भात ताटात सगळ्यात शेवटी घ्यायचा आणि एकच वाटी, डोंगर नाही. आधी भाजी आणि वरण किंवा मासळी संपवायची, त्यानं पोट अर्धं भरून जाते आणि जेवणानंतरची शुगरही कमी उसळते.

तिसरी गोष्ट लोकं विसरतात ती म्हणजे कमी केलं त्याच्या जागी काय? नुसती भाकरी काढली आणि काही टाकलं नाही तर रात्री अकराला चिवड्याचा डबा उघडतेच. जागा भरायची ती प्रोटीननं. वजनाच्या दर किलोमागं एक ग्रॅम धरा, सत्तर किलोच्या माणसाला सत्तर ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस, पण शेंगदाणा मूठभरच, तेल भरपूर आहे त्यात. आणि सोयाबीन! अख्खा विदर्भ सोयाबीन पिकवते, पोते भरून बाजार समितीत नेते, आणि घरात खात कोणी नाही. वाळलेल्या शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये पस्तीस-चाळीस ग्रॅम प्रोटीन आहे, तुरीच्या डाळीत बावीस. कच्चं किंवा अर्धकच्चं खायचं नाही, त्यात प्रोटीन पचू न देणारे घटक असतात ते शिजवल्यावरच जातात. रात्रभर भिजवा, पाणी फेका, कुकरमध्ये चांगल्या शिट्ट्या घेऊन मऊ करा, मग मटणासारखा झणझणीत रस्सा करा. बियाण्यासाठी औषध लावून ठेवलेलं सोयाबीन चुकूनही नको, एवढं सांगायला पायजेच. सोयावडी मिळत असन तर अजून सोपं. तूर, चणा, मूग यात कार्ब आहेत, पण प्रोटीन आणि तंतू सोबत असतात म्हणून किटोवाले सोडून बाकी कोणी डाळीला घाबरू नये. लाखोळीची (खेसारी) डाळ मात्र रोजची मुख्य डाळ करू नका, ती फार दिवस फार खाल्ली तर पायातली ताकद जाते.

भाजी दुप्पट करा. पालक, अंबाडी, तांदुळजा, घोळ, पावसाळ्यात तरोटा आणि काटवल, बाकी दिवस ढेमसे, दोडके, भेंडी, फुलकोबी, कारले, वांगे. यात कार्ब किरकोळ. वांग्याचं भरीत तर या डाएटसाठीच जन्मलं असं वाटते, वरून जवसाची चटणी. जवसात कार्ब दिसतात ते जवळपास सगळे तंतूच आहेत, संडास साफ राहते, आणि ओमेगा-३ ही चांगली चरबी मिळते ते वेगळंच, मासे न खाणाऱ्यांसाठी हे मोठं काम आहे. जवस भाजून कुटून खा, अख्खा दाणा तसाच बाहेर जातो. भाजीत तेलाचा तवंग आणायचा नाही, कार्ब कमी केले म्हणून तेलाला सूट मिळत नाही, सावजी रस्सा महिन्यातून एखाद्या वेळी ठीक. तूप एखादा चमचा. किटोवाल्यांचं पाहून तूप पिणाऱ्या काहींचं खराब कोलेस्टेरॉल चांगलंच वर गेलेलं असते, रिपोर्ट केल्यावरच कळते.

संत्र्याचं काय, हे वरुड-मोर्शीकडचे लोकं विचारतीलच. एका संत्र्यात बारा-पंधरा ग्रॅम कार्ब. किटोत बसत नाही, आपल्या हिशोबात एक रोज बसते. रस काढून नाही, एका ग्लासात तीन-चार संत्रे जातात.

उपवास हा खरा खड्डा आहे. साबुदाण्यात शंभराला सत्त्याऐंशी ग्रॅम कार्ब आणि प्रोटीन जवळपास नाहीच, उसळीची एक प्लेट म्हणजे दोन भाकरीच्या वर, आणि वरून आलूचे चिप्स. श्रावण-नवरात्रात उपवास धरून वजन वाढते ते याच्यानंच. उपवासाला दही, ताक, भिजवलेले शेंगदाणे, काकडीची कोशिंबीर, राजगिऱ्याची छोटी भाकरी, एक फळ असं करा. भगर साबुदाण्यापेक्षा बरी, पण तीही धान्यासारखीच मोजायची.

शेतीच्या हंगामात नियम बदलायचा. पेरणी, निंदण, कापूस वेचणी चालू असन तर दुपारच्या डब्यात दोन भाकरी न्या, झुणका न्या, कांदा न्या, चक्कर येऊन बांधावर पडण्यात काही शहाणपण नाही. रात्रीच्या जेवणात एकावर या. काम नसलेल्या दिवसात उलट कडक राहायचं, आपल्याकडं नेमकं उलटं होते, रिकाम्या दिवसातच लग्नं आणि रोडग्याचे जेवण निघतात. रोडगे-वरण-वांग्याची भाजी असं जेवण आलं तर एकच रोडगा, आणि वांग्याची भाजी दोनदा घ्या, वाढणाऱ्याला राग येत नाही.

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, एकाच काट्यावर पाहा. त्यापेक्षा शिंप्याचा टेप बरा, बेंबीच्या पातळीवर पोट मोजा. पुरुषाचं ९० सेंटिमीटरच्या आणि बाईचं ८० च्या आत यायला पायजे, ही मापं आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठीच आहेत. सुरू करायच्या आधी आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड (कोलेस्टेरॉल) आणि क्रिएटिनीन (किडनीची तपासणी) करून घ्या, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात विचारून पाहा, बऱ्याच तपासण्या तिथं होऊन जातात. महिन्याला दीड-दोन किलो उतरलं तर गाडी बरोबर चालली समजा, त्याहून जोरात उतरत असन आणि अंगात ताकद वाटत नसन तर प्रोटीन कमी पडून राहिलं.

घरात वेगळा स्वयंपाक मागू नका, चौथ्या दिवशी घरची वैतागून जाते. तीच भाजी, तेच वरण, फक्त तुमच्या ताटात भाकरी एक आणि भाजीची वाटी मोठी. वाढत्या पोरांच्या आणि अशक्त म्हाताऱ्यांच्या ताटातली भाकरी मात्र तुमच्या डाएटच्या नावाखाली कमी करायची नाही, त्यांना पोटभर वाढायचं.